अन्नाचे चित्र आणि मेंदूचे उत्तर

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन शेजारी तालुके. अन्नाची टंचाई आणि अन्नाची विपुलता या दोन्हींचा अनुभव या भूमीने घेतला आहे. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला आणि त्याच्या काठचा पट्टा बागायती झाला. कालव्यापासून दूर असलेली जिरायती गावे मात्र पुढेही पावसाच्या भरवशावरच राहिली. 1972 च्या दुष्काळात या गावांतील स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या आणि तलावाच्या कामांवर गेले. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर मिळणारी लाल मिलो यांची आठवण वृद्ध मंडळी आजही सांगतात. बारामती परिसरातील कित्येक पाझर तलावांची कामे त्या काळात अन्नाच्या मोबदल्यात झाली, हाही इतिहास सर्वश्रुत आहे.

आज चित्र पालटले आहे. ऊस, दूध, द्राक्षे, डाळिंबे आणि उजनीच्या जलाशयातील भिगवणची मासळी यांमुळे या भागात अन्नाची आणि पैशाची आवक वाढली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत दूध प्रक्रियेचे आणि चॉकलेटचे मोठे कारखाने उभे राहिले. रस्त्यावरील फलक, दूरचित्रवाणी आणि हातातील मोबाइल यांवर खाद्यपदार्थांची चित्रे अहोरात्र दिसू लागली. एकाच घरात सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली आजी आणि दिवसातून शंभर वेळा पदार्थांची चित्रे पाहणारी नात एकत्र नांदत आहेत.

अशा घरातील नात भरल्या ताटावरून उठू लागली, तर ते आजीला उमगत नाही. ‘खायला मिळत असून खात नाही, म्हणजे हा हट्टच,’ असा निष्कर्ष घरात निघतो. पुष्कळदा तो निष्कर्ष बरोबरही असतो. परंतु काही मुलांच्या बाबतीत तो चूक ठरतो आणि ती चूक जिवावर बेतू शकते. आहारविकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानसिक आजारांत अन्नाकडे, किंबहुना अन्नाच्या नुसत्या चित्राकडे, पाहताना मेंदूचे उत्तरच बदललेले असते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील संशोधनाने ही गोष्ट स्पष्ट केली आहे. शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांना तिची ओळख असणे का आवश्यक आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

तोंडाला पाणी का सुटते?

चिंच पाहिली की तोंडाला पाणी सुटते, हा सर्वांचा अनुभव आहे. चिंच जिभेवर पडलेली नसते, तरीही लाळ तयार होते. या साध्या घटनेचा शास्त्रीय अभ्यास रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी केला. अन्न मिळण्याच्या वेळची एखादी खूण पुनःपुन्हा अनुभवलेल्या कुत्र्याला पुढे नुसत्या त्या खुणेनेही लाळ सुटते, असे त्यांनी दाखवून दिले. पचनसंस्थेवरील कार्याबद्दल त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दिसणाऱ्या खुणेवरून मेंदू पुढे येणाऱ्या घासाची तयारी करतो, हा त्यातील मूळ मुद्दा होय.

माणसाच्या मेंदूत या कामी अनेक भाग एकत्र येतात. डोळ्यांनी टिपलेले चित्र प्रथम मेंदूच्या मागील भागात पोहोचते. इन्सुला नावाचा आतील भाग चवीची आणि पोटातील जाणिवांची नोंद ठेवतो. ॲमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा छोटा भाग, समोरची वस्तू आपल्या दृष्टीने महत्त्वाची वा भीतीदायक आहे काय, याची दखल घेतो. डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या बाजूस असलेला अग्रखंडाचा भाग त्या पदार्थाचे मोल ठरवितो. स्ट्रायटम हा खोलवरचा भाग सुखाची अपेक्षा, सवय आणि प्रत्यक्ष कृती यांचा मेळ घालतो. कपाळामागील अग्रखंड ‘आता नको, नंतर खाऊ’ असा लगामही घालू शकतो. या साऱ्यांना शरीराची खबर हायपोथॅलॅमसमार्फत मिळते. रिकाम्या जठरातून निघणारे घ्रेलिन भूक कळविते, तर शरीरातील चरबीतून निघणारे लेप्टिन साठा पुरेसा असल्याचे सांगते.

हे सारे प्रत्यक्ष पाहण्याची सोय 1990 नंतर झाली. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक जाते. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात. हा फरक टिपून मेंदूचे कार्य पाहता येते, असे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी 1990 साली दाखविले. या तपासणीस कार्यदर्शी एम.आर.आय. म्हणता येईल. व्यक्तीला यंत्रात निजवून आधी खाद्यपदार्थांची आणि मग घरगुती वस्तूंची चित्रे दाखवितात व दोन्ही वेळच्या नोंदींची तुलना करतात. निरोगी माणसांवरील अशा प्रयोगांत असे आढळले, की भुकेल्या स्थितीत अन्नचित्रांना ॲमिग्डाला व तिच्याशी जोडलेले भाग अधिक प्रतिसाद देतात आणि जेवण झाल्यावर तो प्रतिसाद ओसरतो. चित्र बदललेले नसते, पोटाची स्थिती बदललेली असते. म्हणजे अन्नाचे चित्र पाहताना मेंदू डोळ्यांइतकेच पोटाचेही ऐकत असतो.

उपासमारीचा मेंदूवर परिणाम

दीर्घकाळ कमी अन्न मिळाल्यास मनाचे काय होते, याची सर्वांत प्रसिद्ध नोंद अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर हा प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेल्या या तरुणांनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला होता. युद्धग्रस्त देशांतील उपाशी जनतेला पुन्हा कसे पोसावे, हे ठरविणे हा उद्देश होता. सहा महिने त्यांचा आहार जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले.

शरीर खंगणे अपेक्षितच होते. मनात घडलेले बदल मात्र विचार करावयास लावणारे होते. हे तरुण सदोदित अन्नाविषयीच बोलू लागले. काहींनी पाककृतींची पुस्तके जमविली आणि ते ती तासन् तास वाचू लागले. घासाचे बारीक तुकडे करून जेवण लांबविणे, ताट चाटणे, एकटे बसून खाणे अशा सवयी त्यांना जडल्या. चिडचिड, उदासपणा आणि लोकांत मिसळण्याची नावड वाढली. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही काहींना कित्येक महिने पोट भरल्याचे समाधान वाटेना आणि ते अतोनात खात राहिले.

या तरुणांना प्रयोगापूर्वी कोणताही मानसिक आजार नव्हता. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. आहारविकाराच्या रुग्णांत दिसणारी कित्येक विचित्र लक्षणे उपासमारीमुळेच निर्माण होतात. कारण कोणतेही असो, शरीर दीर्घकाळ उपाशी राहिले की मेंदू अन्नाभोवती घोटाळू लागतो. कमी खाण्याने विचार बिघडतो आणि बिघडलेला विचार आणखी कमी खावयास लावतो. हे चक्र जितके लवकर थांबेल, तितके रुग्ण बरा होण्याची शक्यता अधिक.

आहारविकारांचे तीन मुख्य प्रकार

पहिला प्रकार ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे मनोजन्य क्षुधानाश. यात व्यक्ती अन्न इतके कमी करते, की वजन धोक्याच्या मर्यादेखाली जाते. तरीही आपण बारीक झालो आहोत हे तिला पटत नाही. पॅरिसमधील लासेग आणि लंडनमधील गल या वैद्यांनी 1873 च्या सुमारास त्याचे वर्णन केले. नावात क्षुधानाश असला तरी भूक प्रत्यक्षात नष्ट झालेली असतेच असे नाही. बहुधा ती दडपलेली असते. मानसिक आजारांपैकी सर्वाधिक मृत्यू घडविणाऱ्या आजारांत याची गणना होते.

दुसरा प्रकार बुलिमिया नर्व्होसा. लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 साली हे नाव दिले. यात थोड्या वेळात ताबा सुटल्यासारखे पुष्कळ खाल्ले जाते आणि नंतर अपराधी वाटून ओकारी काढणे, जुलाबाची औषधे घेणे वा कडक उपास करणे असे प्रकार होतात. वजन बहुधा सर्वसाधारण असल्याने हा आजार वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. वारंवार ओकारी काढल्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो.

तिसऱ्या प्रकारात असेच ताबा सुटून खाणे असते, पण त्यानंतर ते बाहेर टाकण्याची धडपड नसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात 2013 साली त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. हे विकार मुलींत अधिक आढळतात व बहुधा किशोरवयात सुरू होतात. परंतु मुलगे त्यांपासून मुक्त नाहीत. वजनगटात उतरण्यासाठी जेवण-पाणी तोडणारा कुस्तीगीर किंवा पोलीस व सैन्यभरतीच्या तयारीत स्वतःला उपाशी ठेवणारा तरुण यांच्याकडेही लक्ष असावयास हवे.

चित्र एकच, उत्तरे निराळी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुरणपोळीचे किंवा भरल्या ताटाचे एकच चित्र तीन व्यक्तींसमोर ठेवले असता काय घडते?

निरोगी आणि भुकेल्या व्यक्तीच्या मेंदूत ओढ निर्माण होते, हे आपण पाहिले. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना भरपूर ऊर्जेच्या पेयांची चित्रे दाखविण्याचा एक छोटा प्रयोग लंडनमध्ये झाला आणि 1998 साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी रुग्णांनी तीव्र चिंता नोंदविली आणि त्यांच्या मेंदूत ॲमिग्डालाच्या परिसरात, म्हणजे भीतीशी संबंधित भागांत, हालचाल वाढली. सापाचे चित्र पाहून आपण दचकावे, तसेच काहीसे दुधाच्या पेल्याचे चित्र पाहून त्या रुग्णांचे झाले. लंडनमध्येच 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात ॲनोरेक्सिया व बुलिमियाच्या स्त्री-रुग्णांत अन्नचित्रांमुळे अग्रखंडाच्या मधल्या भागात निरोगी स्त्रियांपेक्षा अधिक प्रतिसाद दिसला. भावना आणि मोल यांच्याशी निगडित असा हा भाग आहे.

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी रुग्णांना चित्रे नुसती दाखविली नाहीत, तर ‘या दोन पदार्थांपैकी कोणता खाल?’ असे विचारले. रुग्णांनी अपेक्षेप्रमाणे कमी स्निग्ध पदार्थ निवडले. पण ती निवड करताना त्यांच्या मेंदूत स्ट्रायटमचा वरचा भाग, म्हणजे रुळलेल्या सवयींशी संबंधित भाग, निरोगी स्त्रियांपेक्षा अधिक गुंतलेला आढळला. या भागाच्या अग्रखंडाशी असलेल्या दुव्याचा संबंध दुसऱ्या दिवशीच्या प्रत्यक्ष जेवणातील ऊर्जेशीही दिसून आला. सायकल शिकणारा माणूस सुरुवातीस विचार करून तोल सांभाळतो. पुढे विचार न करताच सायकल चालते. न खाण्याचेही असेच होते. आरंभी तो निर्णय असेल. पुढे ती सवय बनते आणि सवय उपदेशाने सुटत नाही.

बुलिमिया आणि अतिखाण्याच्या विकारात उत्तर आणखी वेगळे असते. अतिखाण्याच्या विकारात सुखाच्या अपेक्षेशी निगडित अग्रखंडाचा भाग अन्नचित्रांना जोराने प्रतिसाद देताना काही प्रयोगांत दिसला. बुलिमियात इन्सुला आणि तिच्याशी जोडलेले भाग अधिक उत्तेजित झाले. 2004 च्या अभ्यासात बुलिमियाच्या रुग्णांत लगाम घालणाऱ्या अग्रखंडाच्या बाहेरील भागाचा प्रतिसाद कमी आढळला. दिवसभर उपाशी राहिलेल्या अशा मुलीपुढे रात्री मोबाइलवर पदार्थांची चित्रे सरकू लागली, तर ओढ वाढते आणि लगाम ढिला पडतो.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. बहुतेक प्रयोगांतील रुग्णांची संख्या थोडी होती आणि सर्व प्रयोगांचे निष्कर्ष तंतोतंत जुळत नाहीत. मेंदूतील फरक हे आजाराचे कारण की उपासमारीचा परिणाम, हेही प्रत्येक बाबतीत सांगता येत नाही. मेंदूचे छायाचित्र काढून आहारविकाराचे निदान होत नाही. ते वजन, वागणूक आणि मुलाखत यांवरूनच होते. परंतु एवढे निश्चित, की भरल्या ताटापुढे गप्प बसलेल्या मुलीच्या मेंदूत आपल्यापेक्षा वेगळे काही घडत असते. आशेची बाब अशी, की ॲनोरेक्सियात मेंदूच्या बाह्य थराची झालेली झीज वजन पूर्ववत झाल्यावर बऱ्याच अंशी भरून येते, असे तपासण्यांत आढळले आहे.

आपल्याकडील रूप

‘हे विकार पाश्चात्त्य श्रीमंतांचे, आपल्या खेड्यांशी त्यांचा काय संबंध?’ असा प्रश्न साहजिक आहे. भारतातील वैद्यकीय नियतकालिकांतही अशा रुग्णांच्या नोंदी आल्या आहेत. बंगळूर येथील मानसोपचारतज्ज्ञांची एक पाहणी 2012 साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे दोन-तृतीयांश तज्ज्ञांनी आहारविकाराचा निदान एक तरी रुग्ण पाहिल्याचे सांगितले. शहर आणि खेडे यांतील अंतर रस्ते, महाविद्यालये आणि मोबाइल यांनी कमी केले आहे. तेव्हा ग्रामीण भाग अलिप्त राहील असे मानणे योग्य नव्हे.

आपल्याकडे या आजाराची बोलीही निराळी असते. पाश्चात्त्य रुग्ण ‘मी जाड होईन’ असे म्हणतात. आशियाई देशांतील कित्येक रुग्ण तसे म्हणत नाहीत. हाँगकाँगमधील अभ्यासांतून 1990 नंतरच्या दशकात ही बाब पुढे आली आणि भारतातील डॉक्टरांनीही असे रुग्ण पाहिले आहेत. आपल्याकडची मुलगी ‘पोट जड वाटतं’, ‘इच्छाच होत नाही’, ‘घास उतरत नाही’ असे सांगते. मग घरचे पित्ताची औषधे देतात, नजर उतरवितात किंवा देवऋष्याकडे जातात आणि मोलाचे महिने निघून जातात.

दुसरा प्रश्न उपवासांचा. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर या मार्गाने पंढरीस जाते. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडीचे अश्वरिंगण पाहावयास पंचक्रोशी लोटते. एकादशीचे व्रत हा येथील लोकजीवनाचा भाग आहे. व्रत म्हणजे विकार नव्हे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. दोहोंतील फरक ओळखण्याची खूण आपल्या परंपरेतच आहे. व्रताला ठरलेली तिथी असते, ते घरादारासह होते आणि द्वादशीला त्याचे पारणे होते. विकारातील उपासाला तिथी नसते, तो एकाकी असतो आणि त्याला पारणे नसते. एखादी मुलगी सोमवार, गुरुवार, शनिवार असे उपवास वाढवीत गेली, फराळही टाळू लागली आणि पारण्याच्या दिवशी नवे निमित्त शोधू लागली, तर तिच्या श्रद्धेचे कौतुक करण्यापूर्वी तिच्या वजनाकडे पाहावे.

शाळेत काय दिसते?

समजा, इंदापूर तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेत नववीत एक हुशार मुलगी आहे. अभ्यासात ती चोख आहे. काही महिन्यांत तिचा गणवेश सैल होतो. मधल्या सुटीत ती डबा मैत्रिणींना वाटून टाकते. स्नेहसंमेलनात सर्वांसाठी पदार्थ करण्यात पुढे असते, स्वतः मात्र चाखतही नाही. मोबाइलवर पाककृती पाहत बसते. उन्हाळ्यातही तिला थंडी वाजते, प्रार्थनेच्या वेळी भोवळ येते. घरी विचारल्यावर ‘शाळेत खाल्लं’ आणि शाळेत विचारल्यावर ‘घरून खाऊन आले’ असे उत्तर मिळते. तिची मासिक पाळी थांबली आहे, हे फक्त तिच्या आईला ठाऊक आहे.

यांतील एकेक गोष्ट किरकोळ वाटते. एकत्र पाहिल्यास चित्र उभे राहते. मिनेसोटातील तरुणांप्रमाणेच या मुलीचा मेंदू अन्नाभोवती फिरत आहे, पण घास मात्र घेऊ शकत नाही. जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, बोटांच्या मागील बाजूस दातांचे व्रण, दातांची झीज, लपवून ठेवलेले खाद्यपदार्थ आणि थकलेले असतानाही अट्टहासाने व्यायाम करणे या खुणाही शिक्षकांनी लक्षात ठेवाव्यात.

मात्र प्रत्येक कृश मुलीला आहारविकार आहे असे समजणे तितकेच चुकीचे ठरेल. महाराष्ट्रातील किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळतो. क्षयरोग, जंत, मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि घरातील गरिबी यांमुळेही वजन घटते. म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवावे. शिक्षकाचे काम निदान करण्याचे नसून वेळीच लक्षात आणून देण्याचे आहे.

काय करावे, काय टाळावे?

पहिली गोष्ट, वजनाची जाहीर चर्चा बंद करावी. शाळेतील आरोग्य तपासणीत वजन सर्वांसमोर मोठ्याने वाचू नये. ‘जाडी’, ‘काडी’ अशा नावांनी हाक मारणे वर्गातून हद्दपार करावे. वजन घटलेल्या मुलीला ‘आता छान दिसतेस’ असे म्हणणेही घातक ठरू शकते. कारण त्या शब्दांनी विकाराला बक्षीस मिळते.

दुसरी गोष्ट, दटावणे आणि जबरदस्ती टाळावी. भीतीने गोठलेल्या मेंदूवर रागावल्याने भीती वाढते. शिक्षिकेने मुलीला एकटीला बाजूला घेऊन ‘बाळ, तुझी काळजी वाटते, आपण डॉक्टरांना एकदा दाखवू या,’ असे शांतपणे सांगावे. पालकांना बोलावून दोष न देता पाहिलेल्या गोष्टी सांगाव्यात. आई-वडिलांमुळे आजार झाला असे समजू नये. उपचारात त्यांचीच मदत सर्वांत मोलाची असते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 नंतरच्या दशकात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत मुलीच्या जेवणाची जबाबदारी काही काळ आई-वडिलांवर सोपविली जाते. ठरलेल्या वेळी, ठरलेले जेवण, कोणीतरी सोबत बसून आणि ताटावर वाद न घालता, हे तिचे सूत्र आहे. किशोरवयीन ॲनोरेक्सियात ही पद्धत उपयुक्त ठरली आहे. एकत्र पंगतीची आपली रीत तिला अनुकूलच आहे.

तिसरी गोष्ट अत्यंत महत्त्वाची. फार खंगलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घालू नये. त्यामुळे रक्तातील फॉस्फेटसारख्या क्षारांचे प्रमाण झपाट्याने घसरून हृदय बंद पडू शकते. अशा रुग्णाला रुग्णालयात दाखल करून देखरेखीखाली क्रमाक्रमाने आहार वाढवावा लागतो. वारंवार चक्कर, छातीत धडधड, नाडी मंद होणे किंवा आत्महत्येचे बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

चौथी गोष्ट, मोबाइलवरील चित्रांची. सडपातळ देहाची आणि मिष्टान्नाची चित्रे एकापाठोपाठ एक पाहिल्याने किशोरवयीन मनावर दुहेरी ताण येतो. चित्रे सर्वस्वी टाळता येणार नाहीत. परंतु ती विक्रीसाठी कशी सजविली जातात, हे चित्रकला किंवा विज्ञानाच्या तासाला समजावून देता येईल. विद्यार्थ्यांकडून जाहिरातीतील पदार्थ आणि प्रत्यक्ष पदार्थ यांची तुलना करून घेणे हा एक चांगला पाठ होऊ शकेल.

गावाची आणि यंत्रणेची जबाबदारी

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. असलेल्या यंत्रणेला ही नवी दृष्टी द्यावयाची आहे. शालेय पोषण आहाराची योजना राज्यात 1995 पासून सुरू आहे. मुले एकत्र जेवतात, ती वेळ शिक्षकांना निरीक्षणाची उत्तम संधी असते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 साली सुरू झाला असून त्यात पोषणाबरोबर मानसिक आरोग्याचाही समावेश आहे. आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांचा घरोघरी वावर असतो. पाळी थांबलेल्या, खंगत चाललेल्या मुलीची माहिती प्रथम त्यांनाच कळते. गावाच्या आरोग्य व पोषण समितीने वर्षातून एकदा तरी या विषयावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन ठेवावे. मुलीचे नाव मात्र सभेत घेऊ नये. गुप्तता हा तिचा हक्क आहे.

पुढील उपचारांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राकडून उपजिल्हा रुग्णालयाकडे आणि तेथून मानसोपचार विभागाकडे असा मार्ग आहे. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली; 14416 या क्रमांकावर समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 अन्वये शासनाकडून चालविल्या जाणाऱ्या सेवांतून मानसिक आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.

या दोन तालुक्यांतील लोकांनी पोटाची भूक पाहिली आहे. दुष्काळी कामावर एखादा मजूर भोवळ येऊन पडला, तर त्याला कोणी हट्टी म्हणाले नाही; त्याला पाणी दिले, सुकडी दिली, सावलीत बसविले. भरल्या घरात उपाशी राहणाऱ्या मुलीचीही गत त्या मजुरासारखीच आहे. तिचा दुष्काळ शेतात दिसत नाही, तो मेंदूत असतो. ताटातील भाकरी पाहून तिला ओढ वाटण्याऐवजी भय वाटते आणि त्या भयावर तिचा ताबा नसतो. एवढे जरी शिक्षकांनी, सरपंचांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ओळखले, तरी रागावण्यात जाणारे महिने वाचतील आणि तिच्या उपासाचे पारणे वेळेवर होईल.